लेव्हल केलेल्या पिकअपला मोठे टायर: घासण्याचं मूळ उंचीपेक्षा रिममध्ये

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिकअपच्या पुढच्या बाजूला दोन इंचांचं लेव्हलिंग किट बसवलंय. कंपनीचे टायर २७५/६५ आर १८ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत), रिमचा ऑफसेट अधिक ४४ (रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर; आकडा जितका कमी किंवा उणे, तितकं चाक गाडीबाहेर). आता २९५/७० आर १८ घ्यायचेत, तेही नऊ इंच रुंद आणि उणे १२ ऑफसेटच्या नव्या रिमवर. टायरवाला म्हणतो, "बिनधास्त बसतील." मित्र म्हणतो, "स्टिअरिंग वळवलंस की घासतील." खरं कोणाचं?

दोघांचंही. बसतील, आणि घासतीलही. टायरवाल्याने गाडी सरळ उभी असताना बघितलंय, मित्राने ती चालवून बघितलीय. घासण्याचं निदान उभ्या गाडीवर कधीच होत नाही.

आधी लेव्हलिंगबद्दलचा गैरसमज काढून टाकू. पिकअप कारखान्यातून निघते तीच नाक खाली आणि शेपूट वर घेऊन. मागे माल पडला की मागची बाजू दबावी आणि गाडी सपाट व्हावी, हा त्यातला हिशेब. लेव्हलिंग किट पुढची बाजू उचलून तो फरक मिटवतं. उभ्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन इंच फट वाढलेली दिसते आणि माणूस खूश होतो. पण ती फट उसनी आहे. स्प्रिंगवर प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) चकती टाकून गाडी उचलली असेल, तर खड्ड्यात चाक वर जाऊन बंप स्टॉपला (चाकाचं वर जाणं थांबवणाऱ्या रबरी गुटक्याला) टेकतं ती जागा पूर्वी होती तीच राहते. गाडी उंच उभी राहते, चाक मात्र शेवटी तेवढंच वर चढतं. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांच्या एकत्र जोडीच्या) डोक्यावर चकती बसवली असेल तर वेगळीच भानगड: स्ट्रट आता जास्त खालून काम करतो, त्यामुळे फ्रेमवरच्या बंप स्टॉपला टेकण्याआधी तो स्वतःच आत तळाला आपटू शकतो. (एक इंच चकतीने गाडी दोन इंच कशी उचलली जाते, असं बरेच जण विचारतात. स्ट्रट लोअर आर्मच्या (चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मधोमध बसलेला असतो, म्हणून चाकाशी ती वाढ दुपटीच्या आसपास होते.)

आणि समजा वरच्या बाजूला दोन इंच खरोखर मिळाले, तरी तुमचा टायर वरच्या बाजूला घासणारच नाहीये. तो घासणार आहे मागे आणि पुढे. मडगार्डच्या पोकळीची लांबी लेव्हलिंगने एक मिलिमीटरही वाढत नाही. फोर्डची रॅप्टर २०१० च्या मॉडेलपासून ३१५/७० आर १७ घेऊन येते, म्हणजे साधारण साडेचौतीस इंची टायर. तिथे कंपनीने नुसती गाडी उचलून भागवलं नाही. मडगार्ड रुंद केले, आर्म लांब केले. जागा पत्र्यात करावी लागते.

आता हिशेब. कागद पेन घ्या, कारण यातच सगळं उत्तर आहे.

२७५/६५ आर १८ चा व्यास साधारण ८१५ मिलिमीटर, २९५/७० आर १८ चा ८७०. म्हणजे त्रिज्या सुमारे २८ मिलिमीटरने वाढली. एवढं सगळ्यांना कळतं. पण चाक वळतं तेव्हा ते स्वतःच्या मधोमध वळत नाही. वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून (चाक आर्मला जोडणाऱ्या गोल सांध्यांमधून) जाणाऱ्या रेषेभोवती फिरतं. दार बिजागरीवर फिरतं तसं. टायर त्या रेषेपासून जितका बाहेर, तितका त्याचा बाहेरचा कोपरा मोठा घेर घेतो आणि तितका मागे जाऊन आपटतो. पुढची चाकं पूर्ण वळवल्यावर साधारण ३५ अंशांत असतात असं धरा. मग कोपरा किती मागे सरकेल ते असं निघतं: त्रिज्येतल्या वाढीचा ०.८२ पट, अधिक बाहेर सरकल्याचा ०.५७ पट.

तुमच्या बेतात रिमचा ऑफसेट अधिक ४४ वरून उणे १२ वर जातोय, म्हणजे चाकाचा मध्य ५६ मिलिमीटर बाहेर. टायर २० मिलिमीटर रुंद झाला, त्यातले १० बाहेरच्या अंगाला. एकूण ६६ बाहेर. ६६ गुणिले ०.५७, जवळजवळ ३८ मिलिमीटर. त्रिज्येची वाढ २८ गुणिले ०.८२, सुमारे २३. म्हणजे टायरचा कोपरा आधीपेक्षा ६१ मिलिमीटर मागे. यातला मोठा वाटा टायरचा नाही, रिमचा आहे. ३८ मिलिमीटर नुसते बाहेर सरकल्यामुळे गेले, आणि त्या सरकण्यातही टायरची रुंदी जेमतेम १०.

तोच टायर अधिक २० च्या रिमवर घेतला तर? मध्य २४ बाहेर, रुंदीचे १०, एकूण ३४, गुणिले ०.५७ म्हणजे १९. त्यात २३ मिळवा, ४२. कंपनीच्याच रिमवर २७५/७० आर १८ चढवला तर रुंदी तीच, ऑफसेट तोच, फक्त त्रिज्या सुमारे १४ ने वाढली: ११ मिलिमीटर. ६१, ४२ आणि ११. कॅस्टर (बॉल जॉइंटच्या रेषेचा पुढे-मागे कल), त्याच रेषेचा आडवा कल, टायरच्या खांद्याची गोलाई हे सगळं मी यात सोडून दिलंय, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. पण तिन्ही बेतांमधलं अंतर खरं आहे. ६१ साठी पत्रा कापावा लागतो, ४२ साठी प्लास्टिक, आणि ११ साठी बहुतेक वेळा काहीच नाही.

उणे ऑफसेट लोक का घेतात ते मला माहीत आहे. टायर मडगार्डच्या बाहेर आला की गाडी रुबाबदार दिसते. दिसण्यासाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते माहीत असू द्या. "रिम बाहेर असली की घासत नाही" असं कोणी सांगितलं असेल, तर ते अर्धसत्य आहे. आतल्या बाजूला, म्हणजे अपर आर्म, फ्रेम, स्वे बार (गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा) यांच्याशी घासत असेल तर बाहेर सरकवून फायदा होतो. बाहेरच्या बाजूला त्यानेच नुकसान होतं. अधिक २० मध्ये आतली बाजू उलट १४ मिलिमीटर मोकळी होते (२४ वजा रुंदीचे १०). तेवढी बहुतेक गाड्यांना पुरते. त्याहून बाहेर जायला माझ्या मते कारण नाही.

टायर घेताना आणखी एक बघा. बाजूवर छापलेला आकार एक असला तरी दोन कंपन्यांचे टायर सारखे नसतात. चिखलासाठीच्या टायरला खांद्यावर रबराचे जाड गठ्ठे असतात आणि खांदा चौकोनी असतो. रस्त्याच्या टायरचा खांदा गोल उतरतो. त्याच आकाराचा एक टायर घासतो आणि दुसरा साफ फिरतो, हे मी कितीदा पाहिलंय. कंपनीच्या माहितीपत्रकात ट्रेडची रुंदी आणि प्रत्यक्ष व्यास दिलेला असतो, तो वाचा. शिवाय रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण पाच मिलिमीटर फुगतो.

आता घासतं कुठे. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा आणि खाली उतरून बघा. डाव्या चाकाची मागची कड आत फ्रेमकडे वळलेली असेल आणि तिचा बाहेरचा कोपरा मागे गेलेला असेल. तो मडगार्डच्या मागच्या लायनरला (मडगार्डच्या आतल्या अस्तराला) आणि त्याच्या मागे असलेल्या पत्र्याच्या शिवणीला लागतो. ही शिवण म्हणजे दोन पत्रे जिथे दाबून जोडलेत ती उभी, धारदार पट्टी. काही गाड्यांत त्याच्या जरा खाली, आतल्या बाजूला केबिनचा माउंट (केबिन फ्रेमवर टेकते तो आधार) असतो, तिथेही लागतं. उजव्या चाकाचं उलट: पुढच्या कडेचा बाहेरचा कोपरा पुढे जाऊन बंपरच्या कोपऱ्याला किंवा त्याखालच्या प्लास्टिकच्या ओठाला लागतो. उजवीकडे वळवा, सगळं आरशासारखं उलटतं. मागच्या चाकांना सहसा त्रास नसतो, ती वळतच नाहीत.

तपासताना नुसतं उभ्या जागी स्टिअरिंग फिरवून समाधान मानू नका. मी टायरच्या खांद्यावरच्या गठ्ठ्यांना पांढरा खडू जाड घासतो. मग मोकळ्या जागेत पूर्ण वळवून हळू पुढे जातो आणि ब्रेक दाबतो. ब्रेक लागला की रबरी बुश दबतात आणि चाक काही मिलिमीटर मागे सरकतं. मागची शिवण तेव्हाच लागते. नंतर रिव्हर्समध्ये तेच: ब्रेक लागला की चाक पुढे सरकतं आणि बंपरचा कोपरा उघडा पडतो. शेवटी एका बाजूचं पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक रॅम्पवर चढवून, गाडी तिरकी पिळलेली असताना, सावकाश पूर्ण वळवून बघतो. खाली उतरून टॉर्च मारली की लायनरवर पांढरे ओरखडे स्पष्ट दिसतात. आवाजही ओळखायला शिका. पार्किंगमध्ये वळताना 'खर्रर्र' येतो तो प्लास्टिकचा. एकच कोरडा 'टक' आला तर गठ्ठा पत्र्याच्या धारेला लागतोय, आणि तो टायर कापतो. पहिल्यावर महिनाभर दुर्लक्ष चालेल, दुसऱ्यावर घरी जाईपर्यंतही नको.

शक्य असेल तर चारही टायर चढवण्याआधी एकच टायर एका रिमवर चढवून पुढे लावून बघा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो तो तुमच्याकडून पुढे लायनर कापण्याचेही पैसे घेणार आहे.

दुरुस्तीचा क्रम माझा ठरलेला आहे, आणि तो कापाकापीपासून सुरू होत नाही. आधी मडफ्लॅप काढतो. निम्म्या गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं. मग अलाइनमेंट.

अलाइनमेंटला लोक टायर झिजण्याशी जोडतात, जागेशी जोडत नाहीत. लेव्हल केल्यावर अलाइनमेंट करावीच लागते. मग ती करताना चाक पुढेच ढकलून का घेऊ नये? ज्या गाडीत लोअर आर्मला कॅम बोल्ट (फिरवले की आर्मचं टोक आत-बाहेर सरकवणारे बोल्ट) आहेत, तिथे पुढचा कॅम आत आणि मागचा बाहेर घेतला की आर्म किंचित पुढे फिरतो, खालचा बॉल जॉइंट पुढे येतो, कॅस्टर वाढतो आणि चाकाचा मध्य मागच्या शिवणीपासून लांब जातो. माझ्या हाताखाली यातून सहा ते दहा मिलिमीटर निघालेत. कॅस्टर वाढल्यामुळे गाडी सरळ रस्त्यावर जास्त स्थिर चालते, हा वरचा फायदा. तंत्रज्ञाला "अलाइनमेंट करून द्या" एवढंच सांगितलंत तर तो आकडे हिरव्या पट्ट्यात आणून गाडी परत देईल. "कॅस्टर मर्यादेत जितका जास्त मिळेल तितका घ्या, दोन्ही बाजूंना चाक शक्य तितकं पुढे ठेवा," असं स्पष्ट सांगा. पुढचा ओठ किती जवळ आहे ते मात्र आधी बघून ठेवा, नाहीतर मागचं दुखणं पुढे जाईल.

यावरून एक गाडी आठवते. उजवीकडे वळून ब्रेक मारला की उजव्या बाजूला घासायची, दुसऱ्या बाजूला कधीच नाही. मालक तिसऱ्या ठिकाणी माझ्याकडे आला होता. आधीच्यांनी दोन्ही बाजूंचे लायनर इतके कापले होते की आतली वायरिंग उघडी पडली होती, आणि घासणं तसंच. खडू लावला, वळवलं, ब्रेक दाबला. शिवणीवर दोन बोटं रुंद पांढरा पट्टा. टेप घेऊन दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या मागच्या कडेपर्यंत मोजलं, तर उजवीकडे सहा मिलिमीटर कमी. कोणीतरी कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) जुळवण्याच्या नादात उजवे कॅम उलट्या टोकाला नेऊन ठेवले होते. कॅम फिरवले, अलाइनमेंट पुन्हा केली, घासणं बंद. एक इंचही कापावं लागलं नाही. तेव्हापासून कात्री हातात घेण्याआधी मी टेप हातात घेतो.

अलाइनमेंटनंतरही प्लास्टिक लागत असेल तर लायनर. कडक प्लास्टिकचा असेल तर हीट गनने मऊ करून मागे दाबायचा, थंड होईपर्यंत धरून ठेवायचा, आणि केबल टायने मागे ओढून बांधायचा. काही गाड्यांचे लायनर जाड कापडासारखे असतात, त्यांना उष्णता देऊ नका. ओढून बांधा किंवा कापा. कापण्याआधी दोन क्लिप काढून मागे हात घालून बघा. वायरिंगचा जुडगा, वायपरच्या पाण्याची टाकी, कधी सेन्सर तिथेच लपलेला असतो. बंपरखालचा ओठ ऑसिलेटिंग कटरने कापला तर कड स्वच्छ येते. पत्रा कापायच्या ग्राइंडरने प्लास्टिक वितळून चिकटतं. मी स्थिर उभ्या गाडीत पूर्ण वळवल्यावर निदान एक बोट फट ठेवतो. चिखल आणि बर्फ टायरला चिकटून बसतात, त्यांनाही जागा लागते.

त्यानंतर शिवण. ही हातोडीने मागे वळवून चपटी करता येते, आणि नीट केली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. एकदम ठोकू नका, वरून खाली थोडी थोडी वळवत जा. वळवताना रंग आणि सीलर तडकतोच. तिथे वायर ब्रशने घासून प्रायमर, सीम सीलर आणि रंग त्याच दिवशी लावा. हे टाळलं तर पहिल्या पावसाळ्यात गंज सुरू होतो, आणि तो आतून पसरत केबिनच्या तळापर्यंत जातो.

केबिनचा माउंट कापून त्यावर पट्टी वेल्ड करणं हा शेवटून दुसरा उपाय. टोयोटा टॅकोमावर २८५/७० आर १७ चढवणाऱ्यांमध्ये तो सर्रास केला जातो, आणि चांगल्या वेल्डरच्या हातून झाला तर टिकतो. पण ते ढाच्याचं काम आहे. कापून तसाच उघडा ठेवलेला माउंट मी पाहिलाय. ती गाडी मी हातात घेत नाही. आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंग स्टॉप: वळणच कमी करायचं. घासणं नक्की थांबतं, कारण चाक तिथपर्यंत जातच नाही. पण मग प्रत्येक पार्किंगमध्ये एकाऐवजी तीन फेऱ्या. मला हा उपाय आवडत नाही.

वरून, खड्ड्यात घासत असेल तर मात्र यातलं काहीच कामाचं नाही. तिथे बंप स्टॉप लांब करायचा, म्हणजे चाक कमी वर चढेल. प्रवास थोडा आखडतो, टायर वाचतो.

हे सगळं स्ट्रट असलेल्या पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनबद्दल. शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० एचडीसारखी टॉर्शन बारची (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याची) गाडी असेल तर उंची बारच्या किल्लीने वाढते, पण घासण्याचं गणित तेच. रॅम २५०० किंवा फोर्ड सुपर ड्यूटीसारख्या सलग पुढच्या अॅक्सलच्या गाडीत चाक आर्मवर नाही, अॅक्सलवर बसलेलं असतं; तिथे अॅक्सल पुढेमागे करणं आणि स्टॉपचा बोल्ट जुळवणं सोपं असतं.

किट अडीच इंचांच्या पुढे नेऊ नका. मोठे टायर मावत नाहीत म्हणून लोक आणखी चकत्या रचतात. त्याने लांबीत जागा मिळत नाही हे वर पाहिलंच, उलट पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे आणि बॉल जॉइंट कायम वाकडे काम करतात आणि लवकर जातात.

आता तुमच्या गाडीचं. रोजच्या वापराची असेल तर कंपनीच्या रिम ठेवा, २७५/७० आर १८ घ्या, मडफ्लॅप काढा, अलाइनमेंट करा आणि विसरून जा. २९५/७० हवेतच असतील तर उणे १२ च्या रिम परत करा आणि अधिक १८ ते २० च्या आसपास, साडेआठ किंवा नऊ इंचांच्या घ्या. लायनर थोडा मागे न्यावा लागेल, बहुधा पुढचा ओठही. शिवणीला हात लागेल की नाही ते तुमच्या गाडीवर खडू सांगेल. उणे १२ आणि २९५/७० दोन्ही ठेवायचे असतील तर हातोडी, सीलर आणि कदाचित वेल्डर यांची तयारी ठेवूनच सुरुवात करा.

टायर चढल्यावर चार कामं राहतात. एक, स्पीडोमीटर. २९५/७० वर तो १०० दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ १०७ ने धावत असेल, तो जुळवून घ्या. दोन, पुढची बाजू उचलली की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. ते खाली उतरवा, आणि गाडीला पुढे कॅमेरा किंवा रडार असेल तर त्याचंही कॅलिब्रेशन विचारा. तीन, साध्या टायरवरून लाइट ट्रक प्रकारच्या टायरवर गेलात तर तोच भार पेलायला त्याला जास्त हवा लागते. दाराच्या खांबावरच्या चिकटपट्टीवरचा आकडा जुन्या टायरचा आहे. नव्या टायरच्या भार आणि हवेच्या तक्त्यातून आकडा काढा. चार, शंभरेक किलोमीटर चालवून झाल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा तपासा, नवी रिम बसताना किंचित सैल पडते.

आणि स्टेपनी. जुनीच ठेवलीत तर फोर-व्हील ड्राइव्ह लावून वेगळ्या व्यासाच्या चाकावर चालवू नका, डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस तापतात. नवीन घेतलीत तर आधी गाडीखाली झोपून टेपने मोजा; ८७० मिलिमीटरचा टायर बऱ्याच गाड्यांच्या मागच्या जागेत वर चढत नाही.